तिसऱ्या प्रश्नाचा परिच्छेद

टर्न्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
६ सप्टेंबर १९८७

ती. एफीताईस,
सेल्बीचा शि. सा. न. वि. वि.

तू जूनमध्ये मुलीकडे हॅलिफॅक्सला गेलीस, तेव्हापासून तुझ्या घराची किल्ली माझ्या खिशात आहे. घर ठीक आहे, बाहेरून बघतो.

चौकशी मंडळाचं पत्र आलंय. एप्रिलात बोट कशी बुडाली, लिअँडर दाजी कसा गेला, ते मी लेखी कळवायचं आहे. तीन प्रश्न आहेत, मुदत ऑक्टोबरअखेर. तिसरा प्रश्न असा, की बोटीवर माणसं दोन असताना थंड पाण्यात जीव वाचवणारा रबरी सूट एकच का होता. धक्क्यावरचे लोक म्हणतात की यात दाजीवर निष्काळजीपणाचा ठपका बसणार. ताई, जिवंत परतलो तो मी एकटा. मी नीट लिहिलं नाही तर तो ठपका कायमचा राहील.

पाद्रीबाबा लिहून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. मला माझ्या हातानं लिहायचंय. इंग्रजी जन्मभर बोललो, पण लिहायला बसलो की हात लाकडाचा होतो. हे पत्रसुद्धा चौथ्यांदा लिहितोय. मला शिकव.

थोरल्या बहिणीची माया केलीस, तशीच चालू ठेव.
तुझा,
सेल्बी

हॅलिफॅक्स
१४ सप्टेंबर १९८७

चि. सेल्बीस,
अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांचा असताना खिडकीतून उडी मारून मासेमारीला पळालास, आणि आता साठीला आल्यावर शाळा आठवली! गावातली सगळी पोरं मी शिकवली, माझा सख्खा भाऊ तेवढा राहिला. असो. देर आये दुरुस्त आये.

रडत बसू नकोस, सोपं आहे. एका वाक्यात एक गोष्ट सांग. ती कोणी केली ते आधी लिही, मग काय केलं ते. वाक्य संपलं की टिंब दे, पुढचं मोठ्या अक्षरानं सुरू कर. एका परिच्छेदात एकच विषय. पहिल्या वाक्यातच तो विषय कळला पाहिजे, पुढची सगळी वाक्यं त्यालाच धरून हवीत. विषय बदलला की नवीन परिच्छेद. आधी चहा कसा करतोस त्यावर एक परिच्छेद लिहून पाठव. आणि फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हुं हुं करतोस.

दमट हवा सुरू झाली असेल. माझ्या स्वयंपाकघरातली चूल आठवड्यातून एकदा पेटवत जा.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी ताई,
एफी

टर्न्स कोव्ह
२५ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहाचा परिच्छेद सोबत आहे. किटलीपासून सुरू केला, मध्येच कुत्रा आला. कुत्रा खोडला.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही जोडली आहेत. एक, आम्ही पहाटे निघालो आणि दुपारी वाहत्या बर्फानं बोटीची फळी फोडली. दोन, दाजीनं मला सूट चढवला, मी विरोध केला तर कानाखाली मारली, आणि बोट गेली. हे लिहायला पाच दिवस लागले. तिसऱ्या प्रश्नाचा कागद कोरा आहे.

चुलीचं राहिलं. तुझ्या घरात शिरवत नाही.

रागावू नकोस, आपलं म्हण.
सेल्बी

हॅलिफॅक्स
२ ऑक्टोबर १९८७

चि. सेल्बीस,
अनेक आशीर्वाद.

चहा उत्तम. लाल शाईच्या खुणा बघ. बोटीची हकीकत मात्र तू आत्ता चालल्यासारखी लिहितोस. झालेली गोष्ट झाली अशीच लिहायची असते, बाळा. मलाही ते शिकायला सहा महिने लागले.

आता कान पिळते. तिसरा कागद कोरा ठेवून चालणार नाही. लिअँडर निघण्याआधी दोरखंडाची गाठन् गाठ तपासायचा. बोटीवरच्या पेटीत दोन सूट असायचे, मी डोळ्यांनी बघितलेत. मग दुसरा गेला कुठे? तुला ठाऊक आहे, तुझ्या अक्षरावरून कळतं मला. पहिल्या वाक्यात सरळ उत्तर दे. उरलेलं आपोआप येईल.

भीती वाटली तर मी आहे हे ध्यानात ठेव.
एफी

टर्न्स कोव्ह
८ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परिच्छेद लिहिला. आधी तू वाच, मग वाटलं तर मला भाऊ म्हणू नकोस.

“दुसरा सूट मी बोटीवरून काढून नेला. नाताळात आमच्याकडे सोंगं घेऊन घरोघरी जातात. मी दाजीला न सांगता तो नारिंगी सूट घातला, तोंडावर उशीचा अभ्रा ओढला आणि बहिणीच्या घरी नाचलो. तिथं बहीण आणि दाजी दोघांनी मला ओळखलं, केक दिला. मला उकडत होतं म्हणून मी सूट तिच्या मागच्या खोलीत टांगला आणि दाजीचा कोट घालून घरी आलो. सूट परत ठेवायचं मी विसरलो. बर्फात पेटी उघडली तेव्हा आत एकच होता. दाजीनं माझ्याकडे बघितलं आणि तुझं सोंग झकास झालं होतं, एवढंच म्हणाला. मग त्यानं तो मला चढवला. चूक माझी आहे, त्याची नाही.”

ताई, मी सहा महिने तुझ्या चुलीवरचा चहा प्यायलो नाही तो याचसाठी. माया ठेव असं कोणत्या तोंडानं लिहू?
सेल्बी

हॅलिफॅक्स
१२ ऑक्टोबर १९८७

चि. सेल्बीस,
अनेक आशीर्वाद.

कागद आला त्या दिवशी मी जेवले नाही. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. परिच्छेद चांगला आहे. एकच विषय आहे आणि कोणी काय केलं ते प्रत्येक वाक्यात आहे. लाल शाई लावायला जागा नाही.

पण तो पुरा नाही. मागच्या खोलीत दाराआड माझा झाडू असतो. नाताळपासून एप्रिलपर्यंत मी रोज सकाळी तो सूट बाजूला सारून झाडू काढत होते. लिअँडरनं नवा घेतला असेल, हा जुना असेल, असं समजले. एका शब्दानं त्याला विचारलं नाही. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. गावात राहवेना म्हणून मी इथं आले, सर्दीचं निमित्त होतं.

शेवटच्या वाक्याआधी हे लिही, “माझी बहीण एफी तो सूट रोज बघत होती.” मग शेवटच्या वाक्यात ‘माझी’ खोडून ‘आमची’ कर. खाली तू सही कर. मी माझं निवेदन वेगळं, माझ्या हातानं लिहून आजच टपालात टाकलं आहे. त्याच्या नावाला डाग लागायचा नाही.

नंतर घर उघड. सूट तिथंच आहे, त्याला हात लावू नकोस, मी आल्यावर दोघं मिळून काढू. चूल पेटव आणि चहा कर, कसा करायचा ते तुला लिहून ठाऊक आहे. पुढच्या शनिवारच्या बोटीनं येते.

तुझ्या मायेचं मी बघते, तू माझ्यावरची सोडू नकोस.
तुझी ताई,
एफी