क्षय, साखर आणि क्रेनची केबिन

१२ जानेवारी
क्षयच निघाला. थुंकीत जंतू आहेत. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं — "सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही." आधी दोन आठवडे घरी. फोरमनला 'ताप' म्हणून कळवलं. बायको रडली, मग उठून माझं ताट वेगळं ठेवलं. मी बघत बसलो. जणू दुसऱ्याच कुणाचं आजारपण.

२८ जानेवारी
क्रेनवर परत. एकशे चाळीस पायऱ्या, तीनदा टेकलो. वर केबिनमध्ये मी एकटा — खोकलो तर हवेलाच बाधेल! खाली मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वायरलेसवर तो सांगतो, मी भार हलवतो. अकरा वर्षं तोच माझे डोळे.

१९ फेब्रुवारी
तहान. दोन बाटल्या वर नेतो — एक प्यायची, एक दुसऱ्या कामाची. दर वेळी खाली कोण उतरणार! गल्लत नको म्हणून दुसरीला लाल टोपण लावलंय. ऊन वाढलंय, दुसरं काय.

१५ मार्च
दोन महिने उलटले, जंतू तसेच. "गोळ्या फेकून तर देत नाहीत ना?" डॉक्टरीणबाईंनी बायकोला विचारलं. ती तडकली — "माझ्यासमोर गिळतात!" मग माझं बोट टोचलं. साखर चारशे बारा.
"मधुमेह आत दबा धरून होता, म्हणून क्षयाचं फावलं. आता दोघांना एकदमच धरायचं. तहान लागते हे बोलला का नाहीत?"
विचारलं कुणी!
रोज इन्सुलिन. आणि ताकीद — "साखर एकदम उतरली तर घाम फुटतो, हात कापतात, सुचेनासं होतं. उंचावरचं काम तूर्त बंद."
ताकद यावी म्हणून बायको रोज दुधात चार चमचे साखर घालत होती. घरी येताच तिने साखरेचा डबा उचलून माळ्यावर टाकला.
फोरमनला सांगितलेलं नाही. एकदा खाली उतरलेल्याला पुन्हा वर कोण घेतो?

२२ मार्च
सुई टोचायला शिकलो. दुखत नाही. बायको तोंड फिरवते.

४ एप्रिल
सकाळी इंजेक्शन घेतलं. काम अडलेलं, जेवणाची सुट्टी लांबली. सळयांचा गठ्ठा अधांतरी होता. घाम फुटला. कोणता दांडा कशाचा, तेच आठवेना! वायरलेसवर मेहुणा ओरडत होता — "दाजी, थांबा! दाजी, मी खाली आहे!" आवाज ऐकू येत होता, अर्थ लागत नव्हता. शेवटी दोन्ही हात सोडून दिले. दांडे आपोआप मध्ये आले. गठ्ठा थांबला — त्याच्या टोपीपासून हातभर वर.
धापा टाकत तो वर चढून आला, उपाशीपोटी भोवळ आली समजून माझ्या तोंडात बिस्किटं कोंबली. फोरमनला म्हणाला, "वाऱ्याचा झोत आला."
झाडाचं पान हलत नव्हतं.

५ एप्रिल
त्याला सगळं सांगितलं. "गप्प बसा, दाजी. तुम्ही खाली आलात तर ताईनं कसं करायचं? मी जरा बाजूला उभा राहीन, झालं!" भार याच्या डोक्यावर, आणि धीर मला!
झोप नाही.

६ एप्रिल
फोरमनला सांगून टाकलं. क्षय, साखर — वारा नव्हता तेही. त्याने पोटभर शिव्या घातल्या. मग मला भांडारात बसवलं आणि मेहुण्याला क्रेनवर. मेहुणा माझ्याशी बोलत नाही.

११ जून
थुंकी स्वच्छ. साखर एकशे तीस. "गोळ्या मात्र चालूच." मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता, बहुतेक झालाही.

१२ जून
फोरमनला सहज विचारलं, मेहुण्याला क्रेन चालवायचा परवाना इतक्या झटपट कसा मिळाला?
"झटपट? तीन वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हाच विचारलं होतं त्याला, वर जातोस का. म्हणाला, जागा एकच आहे, तिथे दाजी बसलेत. घरी बोलू नका."