रेवसच्या लाँचचं गाणं

अंधेरी,
६ जानेवारी

ति. जनीआत्यास,
रुचिताचा वाकून नमस्कार.

फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि निम्मं घर ऐकतं, म्हणून पत्र.

माझा पहिला अल्बम पुढच्या महिन्यात येतोय. गिटार, बॅन्जो आणि बोली आपली. कंपनीवाले त्याला कंट्री पॉप म्हणतात. केतनदादा म्हणतो, हळदीत नाचता येणार नाही अशी आगरी गाणी.

त्यातलं पहिलं गाणं तुझं आहे. नवऱ्याने दार लावून घेतलं आणि विशीतली मुलगी रेवसच्या लाँचने रडत एकटी माहेरी आली, एवढीच गोष्ट. नाव कुठेच घेतलेलं नाही, पण करंजापासून मांडव्यापर्यंत आपली माणसं ओळखतीलच. आमचा संगीत संयोजक विनेश म्हणतो की अल्बम याच गाण्यावर चालेल. रेकॉर्डिंग झालंय आणि तुला विचारायचं राहिलंय, म्हणून जेवताना घास तोंडातच फिरतो. हो म्हण.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
रुचिता

करंजा,
११ जानेवारी

चि. रुचितास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि सुकट निवडायला बसले, तर काटे सुपात न् सुकट कचऱ्यात.

पोरी, मला कोणी हाकललं न्हाय. हिरामण चांगला माणूस हाय. मीच निघाले. का, ते तेव्हाही सांगता आलं न्हाय. त्या घरात मला श्वास पुरत नव्हता, एवढंच. लाँचवर मी रडले न्हाय, शेंगा खाल्ल्या. पोरगी स्वतःहून आली म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून नवऱ्याने तिला हाकलली असं तुझ्या आज्याने गावभर सांगितलं.

हिरामणाने हे मुकाट सोसलं. दुसरं लग्न केलं, आता नातवंडं हायत. तुझं गाणं वाजलं की म्हाताऱ्याला सुनांसमोर मान खाली घालावी लागेल. ते गाणं नको.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
जनीआत्या

अंधेरी,
२ फेब्रुवारी

ति. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. विनेशला म्हटलं, शब्द बदलून खरं ते गाऊ. तो म्हणाला की हाकललेल्या बाईसाठी लोक रडतात. उगाच निघून आलेल्या बाईचं गाणं कोण ऐकणार. मग मी गाणंच काढून घेतलं. जाहिरातीचा व्हिडिओ त्याच गाण्याचा होता. तो वाया गेला, आणि कंपनीतलं कोणी आता धड बोलत नाही.

अल्बम काल आला. फार कोणी ऐकलेला नाही. मी दर थोड्या वेळाने मोबाइल उघडून आकडा बघते आणि उलटा ठेवते. तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. पण गाणं परत घालावंसंही वाटत नाही.

आहे तशी आपली म्हण.
रुचिता

करंजा,
१९ फेब्रुवारी

चि. रुचितास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझी गाणी केतनच्या कंटेनर ट्रेलरमध्ये बसून ऐकली. न्हावा शेव्याला बंदराच्या गेटवर रांग लागली होती, म्हणून सगळी ऐकून झाली. तिसरं गाणं फार आवडलं. सातव्यात तुझे शब्द कळत न्हायत, तोंड उघडून गा.

तुझं एवढं नुकसान झालं, ते मला घरी बसू देईना. लाँच धरली आणि खाडीपलीकडे हिरामणाच्या घरी गेले. तो बाजारात गेला होता. त्याची बायको रंगू एकटीच होती. तिला गाण्यापासून सगळं सांगितलं, की तुझ्या नवऱ्याने मला हाकललं न्हाय, मीच निघाले.

रंगू म्हणाली, की एवढी वर्षं नवऱ्याने जरा आवाज चढवला की तिची नजर दाराबाहेरच्या चपलांकडे जायची. पहिलीला काढली तशी एक दिवस आपल्यालाही काढील, या धास्तीत तिने संसार केला. कधी उलटून बोलली न्हाय. त्याला एकदा विचारलं असतंस तर, असं मी म्हटलं. तर म्हणाली की विचारायचीच तर भीती होती. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं दुःखाने रडते, पण मान वर केली तेव्हा हसतही होती.

तेवढ्यात हिरामण पिशवी घेऊन दारात आला. मला बघून थबकला. रंगूने बसल्या जागेवरून, चांगल्या मोठ्या आवाजात, त्याला सांगितलं की आज चहा तुम्ही करा. तो बिचारा आमच्या दोघींकडे बघत राहिला, आणि आत गेला.

निघताना रंगूने विचारलं की तुमची भाची याचं गाणं करील का. मी म्हणते, कर, पण खरं कर. मी का निघाले त्याचं कारण सापडत नसेल तर कारणाशिवाय लिही.

जेवत जा, आणि या म्हातारीला मनातून उतरवू नकोस.
तुझी,
जनीआत्या