बुजवलेली रेघ

३ फेब्रुवारी

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलो होतो, तेव्हा दिसलं. पाण्याच्या टाकीमागून एक ठिपका निघाला. शुक्राच्या चांदणीपेक्षा तेजस्वी. आवाज नाही, लुकलुकणं नाही, विमानाचे लाल-हिरवे दिवे नाहीत. सरळ चालत आला, ना घाई ना थांबणं. आणि अर्ध्या आभाळात विझला! ढग नव्हता. कुणी फुंकर मारावी तसा गेला.

हिला सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

सहा ते आठ गच्चीवर उभा. काही नाही. मान आखडली. नाही दिसलं ते बरंच झालं. की वाईट झालं?

५ फेब्रुवारी

पुन्हा! सात वाजून दहा मिनिटं. जिन्यातून हिला हाक मारली — "लवकर वर ये!" ही आली, कठड्याला धरून, एकेक पायरी. मी बोट दाखवलं. "तो बघ, टाकीच्या वर!" ही बघत राहिली.

"कुठे? मला तर काही दिसत नाही हो."

तेवढ्यात तो विझला.

"चला खाली, गारठा आहे," म्हणाली. आवाज मऊ केला होता. तो मऊ आवाज मला ओळखीचा आहे. दादाशी आम्ही सगळे त्याच आवाजात बोलायचो.

६ फेब्रुवारी

दादाचं लिहूनच टाकतो, मनातून जात नाही. माझा थोरला भाऊ. त्याचंही दिव्यांपासूनच सुरू झालं. भिंतीवरून दिवे चाललेत म्हणायचा. आम्ही म्हणायचो, "हो दादा, दिसतायत." सहा महिन्यांनी त्याने मलाच विचारलं, "आपण कोण?" तेव्हा तो एकाहत्तरचा होता. मी येत्या जूनमध्ये एकाहत्तरचा होईन.

हिचीही चिडचिड वाढली आहे. स्वयंपाकघरातलं स्टूल मी हातभर सरकवलं, तर त्याला अडखळली, आणि केवढी ओरडली! "जागच्या वस्तू जागेवर ठेवत जा!" चहा ओतताना कपाबाहेर सांडला, त्याचंही खापर माझ्यावर — मी मध्येच बोललो म्हणून. पेपर वाचणं तर दिवाळीपासून बंदच. "तुम्हीच वाचून दाखवा, छान वाचता." सातवी नापास माणूस छान वाचतो म्हणे! माझी परीक्षा घेते आहे, दुसरं काय. अजून अक्षरं ओळखतो का ते बघते.

७ फेब्रुवारी

ठरलं. डोळे खोटं बोलतील, फिल्म बोलत नाही. चाळीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. पलंगाखालच्या पेटीतून जुना कॅमेरा काढला, स्टँड काढला. भिंगाला बुरशी नाही. एक रोल शिल्लक होता.

संध्याकाळी तो आला. मी माणसांचे फोटो काढणारा! सवयीने तोंडातून निघालं, "हलू नका!" — आणि खटकन बटण दाबलं. तेवढ्या उजेडात काय येणार, कपाळ! चावी फिरवून फिल्म पुढे सरकवेपर्यंत तो गेलाही.

वरच्या मजल्यावर मास्तरीणबाई राहतात, विज्ञान शिकवतात. त्यांना विचारावं असं तीनदा वाटलं. तीनदा त्यांच्या दारावरून परत आलो. त्याही "नाही दिसत" म्हणाल्या तर? मग माझ्याविरुद्ध दोन साक्षीदार होतील.

८ फेब्रुवारी

ढग.

९ फेब्रुवारी

मिळाला! निदान मिळाला असावा. आज डोकं ठिकाणावर ठेवलं. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, शटर उघडं धरून वीस आकडे मोजले. श्वास घेतला नाही. तो चालत होता आणि मी हलत नव्हतो. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे सांगितलं ते आज माझ्या वाट्याला आलं.

तसाच रोल घेऊन ठिपक्याकडे गेलो. हा माझा जुना भागीदार. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत अजून स्वतः फोटो धुतो. फोटोवरचे पांढरे डाग बारीक ब्रशने शाईचे ठिपके देऊन बुजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून हे नाव. त्याला काय आहे ते सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "नीट धू."

"इतकी वर्षं वाईट धूत होतो का रे?" म्हणाला.

१० फेब्रुवारी

ठिपक्याने दुकानातल्या माणसाबरोबर फोटो पाठवला.

टाकी आहे. कठडा आहे. वर आभाळ — स्वच्छ. एक डाग नाही.

म्हणजे नव्हतंच काही. मी काय बघत होतो मग? दुपारभर उठलो नाही. ही उशाशी येऊन बसली, कपाळ चाचपलं. "ताप नाही," म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं. हिचं पुढे कसं होईल? मी हिला "आपण कोण?" विचारलं, तर ही काय उत्तर देईल?

११ फेब्रुवारी

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी कालचा फोटो खिशात घालून दुकानात गेलो, निगेटिव्ह परत आणायला. मला बघताच ठिपक्या सुरू — "म्हातारपणी रिकामी आभाळं कसली काढतोस? आणि निगेटिव्ह सांभाळता येत नाही का? केवढा ओरखडा! इकडून तिकडे, सरळ! ठिपके देता देता मान मोडली माझी."

"कसला ओरखडा?"

त्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरलं. रेघ! टाकीपासून निघालेली, अर्ध्या आभाळात संपलेली. फिल्मवर ओरखडा नव्हता. तोच होता!

मी ठिपक्याला मिठी मारली. "अरे, सोड! वेड लागलं का तुला?"

"नाही!" मी ओरडलो. "नाही लागलं!" दोन गिऱ्हाइकं बाहेर थबकली.

त्याला काय बोलणार? डागाचा फोटो दुकानाबाहेर जाता कामा नये, हे पहिल्या दिवशी मीच त्याला शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. समोर बसून दुसरा फोटो काढून घेतला, रेघेसकट. दोन्ही एकाच पाकिटात घालून दिले त्याने.

येताना धीर केला आणि मास्तरीणबाईंचं दार वाजवलं. रेघेचा फोटो दाखवला. बघताच हसल्या.

"काका, हे अंतराळस्थानक! माणसं राहतात त्यात. स्वतःचा उजेड नाही त्याला, सूर्याचा पडतो. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की विझल्यासारखं दिसतं."

"पण सगळ्यांना दिसतं का ते?"

"न दिसायला काय झालं? एवढं ठळक! माझ्या शाळेतली पहिलीची पोरं बोट दाखवतात."

जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या उतरलो. या वयात!

१२ फेब्रुवारी

काल ही बहिणीकडे होती, आज दुपारी आली. दाराशीच गाठलं. चष्मा शोधायलाही थांबलो नाही. पाकिटातून फोटो ओढून हिच्या हातात दिला. अंतराळ, सावली, माणसं — सगळं एका दमात सांगितलं. "ही बघ रेघ! दिसली का?"

हिने फोटो अगदी नाकाशी नेला.

"दिसली की हो! केवढी लख्ख! तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, मी मनात म्हणतच होते."

आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. मग हिने तो फोटो फळीवर भिंतीला टेकवून उभा केला, देव मांडावा तसा.

दादा, मी सुटलो रे!

१३ फेब्रुवारी

सकाळी चष्मा लावून फळीपाशी गेलो. फोटो उलटा ठेवला आहे. टाकी वर, आभाळ खाली. आभाळात रेघ नाही — ठिपक्याने बुजवलेला आहे तो. रेघेचा पाकिटातच राहिला.

स्टूल जागच्या जागी ठेवलं. बोटांनी मोजून.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, माझ्या नावावर. हिला म्हणालो, "सोबत येशील का? एकट्याला भीती वाटते."

"येते," म्हणाली. लगेच.