छोटं पिस्तूल, खात्रीचं

३ ऑक्टोबर, शुक्रवार
कुवेतच्या मराठी मंडळाच्या नाटकात खलनायक मी. अखेर एकमत झालं. (बाकी दोघे इच्छुक सुट्टीवर भारतात आहेत, पण ते कारण नव्हे.) नाटक गंभीर आहे. शेवटच्या अंकात मी कोटाच्या आतून पिस्तूल काढतो आणि नायिकेला गोळी घालतो. नायिका कुबरा. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते, मूळची दापोलीची, दातांच्या दवाखान्यात काम करते. दिग्दर्शक गुरुप्रसाद दिवसा बँकेत हिशेब तपासतो. दिग्दर्शनही तसंच करतो.

त्याने आणलेलं पिस्तूल दुधी भोपळ्याएवढं. कोटात घातलं की मीच एका बाजूला कलतो. त्याला सांगितलं, खलनायकाचं पिस्तूल छोटंच हवं, लपलं पाहिजे. तो म्हणाला, काय हवं ते घे, आवाज पडद्यामागूनच येणार. साफ नकार दिला. इतकी वर्षं रिफायनरीत रिलायबिलिटी इंजिनिअर आहे. पंप बंद पडणार हे पंपाच्या आधी मला कळतं. आवाज माझ्याच पिस्तुलातून येईल.

५ ऑक्टोबर, रविवार
छोट्या पिस्तुलांवरचे व्हिडिओ पाहिले. अमेरिकेत माणसं कमरेला, मोज्यात, कुठेकुठे पिस्तुलं लपवून हिंडतात. सार असं: जितकं छोटं तितकं लहरी. स्प्रिंग बारकी, आत जागा कमी, खिशातला कचरा गेला की अडकलं. म्हणजे दोष पिस्तुलाचा नाही, देखभालीचा. पंपांबद्दल मी हेच सांगत असतो.

चारुशीलेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, वॉशिंग मशीनचं दार कधीपासून चिकटपट्टीवर आहे. विषय वेगळा होता. बायकोशी तांत्रिक चर्चा करायची नाही, हा निश्चय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सालमियातल्या खेळण्यांच्या दुकानात मिळालं! तळहातात मावतं. आत टिकल्यांची लाल चकती घालायची, चाप ओढायचा, ठो. रंग पोपटी, टोक नारिंगी. बूट पॉलिशने काळं केलं. जुईलीला (कन्या, बारावी) दाखवलं. म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक अ बर्न्ट कॅप्सिकम." या पिढीला सौंदर्यदृष्टी नाही.

चाचणी यशस्वी. एकही टिकली वाया नाही. खालच्या बिऱ्हाडातून फोन आला. चारुशीलेने घेतला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
लपवण्याचे प्रयोग. मोजा: घोट्याला टोचतं. बगल: घामाने पॉलिश उतरतं. खिसा: तिथे माझी बडीशेप असते. कंबर: सर्वोत्तम. फक्त बसताना जपायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार
नटाने वस्तू अंगवळणी पाडायला हवी. म्हणून पिस्तूल कमरेला लावून जमियात, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात, भाजीला गेलो. कोणाला संशय नाही. खालच्या खोक्यातली डाळिंबं घ्यायला वाकलो.

ठो.

एक बाई ट्रॉली सोडून पळाल्या. गार्ड धावत आला. नेमकी कुबरा तिथे. तिने शांतपणे वेफर्सचं पाकीट उचललं, दोन्ही तळहातांत फट्‌कन फोडलं आणि गार्डला अरबीत सांगितलं, यांच्या हातून असं एक फुटलं. गार्ड हसला. मला दोन पाकिटांचे पैसे द्यावे लागले, फुटलं एकच. मी प्रसंग उत्तम हाताळला.

कुबराने घरी सांगितलंच. चारुशीला म्हणाली, "खेळणं असो नाहीतर खरं, पोलिसांनी धरलं तर इथे राहायचा इकामा रद्द, पहिल्या विमानाने घरी. जुईलीची बोर्डाची परीक्षा कोण देणार, तुझं पिस्तूल?" यापुढे पिस्तूल फक्त घर आणि तालमीचा हॉल. निश्चय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी झाली. पँट कमरेला घट्ट. धुण्याने आटली असावी.

तालमीत पिस्तूल चोख वाजलं. तरी गुरुप्रसाद हात जोडून म्हणाला, राजन, पडद्यामागे स्टँडबाय आवाज ठेवू दे. रिफायनरीत मी प्रत्येक पंपाला स्टँडबाय मागतो, हे खरं. पण ते पंप आहेत. नकार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
आज प्रयोग. पांढरा शर्ट, काळा कोट. कंबर फारच आवळते, म्हणून पिस्तूल थोडा वेळ खिशात. आयत्या वेळी कमरेला लावेन. आज कुवेतच्या मराठी रंगभूमीला कळेल.

८ नोव्हेंबर, शनिवार
लिहिणार नव्हतो.

पहिला अंक. मी येतो, कुबरा म्हणते, "बसा ना." बसलो. ठो.

कुबरा म्हणाली, "सोफा जुना आहे हो आमचा." मग जे हसू फुटलं ते मध्यंतरापर्यंत. दुसऱ्या अंकात बसलोच नाही. तिच्या संवादात "बसा ना" एकदाच होतं. तिने ते पुन्हा पुन्हा म्हटलं.

शेवटचा अंक. कोट उघडला. शर्ट पोटावर पॉलिशने काळाकुट्ट. पिस्तूल रोखून चाप ओढला. कट. पुन्हा कट. हलवलं. बडीशेप पडली. कुबरा छातीवर हात ठेवून मरायला तयार. हळूच म्हणाली, "लवकर करा राजनदादा, पाठ अवघडली." माइकने ते सगळ्यांना ऐकवलं.

कसाबसा म्हणालो, "ठो."

ती म्हणाली, "ऐकू नाही आलं."

मोठ्याने म्हणालो. ती पडली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला विंगेत रडू आलं. चारुशीलेने पाणी दिलं आणि माझ्या शर्टवरचं पॉलिश पुसायला लागली. तेच जास्त लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रयोगाची क्लिप रिफायनरीत पोचली. मॅनेजरने मीटिंगच्या सुरुवातीला दाखवली. विषय: स्टँडबाय का हवा. म्हणजे माझ्याच मुद्द्याला दुजोरा मिळाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
गुरुप्रसादचा फोन. लोकांना नाटक प्रचंड आवडलं, पुन्हा प्रयोग हवाय, विनोदी म्हणून. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो म्हणाला, विचार नको, पिस्तूल घेऊन ये. तू नको. खलनायक मी करतो, तुझ्या चेहऱ्यावर आता लोक आधीच हसतात.

तरी उपकरणाची निवड माझी होती, हे मान्य झालंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पिस्तूल साफ करून हॉलवर नेलं. गुरुप्रसादने कमरेला लावलं, सोफ्यावर बसला. काही नाही. उड्या मारून बसला. काही नाही. काढून चाप ओढला. ठो. पुन्हा ठो. सगळी चकती संपली, एकदाही अडकलं नाही. मी म्हणालो, बघ, खात्रीचं आहे! तो वैतागून म्हणाला, नीट चालतंय, मग काय उपयोग याचा?

आता ते भोपळ्याएवढं पिस्तूल आणि आवाज पडद्यामागून.

मलाही काम दिलंय. हॉलबाहेर उभं राहून गाड्या कुठे लावायच्या ते दाखवायचं. येताना रिफायनरीतलं चमकणारं जाकीट आण म्हणाला. घालून पाहिलं. पोटावर चेन लागत नाही.