दोन पितळी खिळ्यांमधला वाव

"दगड दगडच असतो," एवढं बोलून दादानं फोन ठेवला. दर वेळी असंच करतो. म्हणून उत्तर या मृत्युपत्रात लिहितो. इथं माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

लिहून ठेवतो की मी, दोरवाल्यांचा धाकटा, वय पंचवीस, शाळा सातवीपर्यंत, काम उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसण्याचं, आज पूर्ण शुद्धीत आहे. दारू घेतलेली नाही. कुणी धमकावलेलं नाही. दादा धमकावतो, पण ते लहानपणापासून, त्यामुळे ते धरत नाही. मुकादमानं प्रत्येकाकडून वारसाचं फक्त नाव मागितलं होतं. माझं जरा लांबलं.

कलम पहिलं. बाजारातला आमचा ओटा बाबांनी आम्हा दोघा भावांच्या नावे अर्धा-अर्धा केला. माझा अर्धा हिस्सा माझ्यामागे वहिनीला मिळावा. दादाला नाही. आज माझी सही नाही म्हणून ओटा विकायचा त्याचा सौदा अडलाय. उद्या मी दोरावरून सुटलो तर अडणार नाही, हे लटकताना रोज आठवतं. घेणारा शटरवाला, म्हणजे मागच्या दुकानाचा मालक, ओट्याचा पुढचा दगड फोडून दुकान रस्त्याला भिडवणार आहे. त्या ओट्यावर दिवसभर बसते वहिनी. दादा टेंपो चालवतो, आणि संध्याकाळी येऊन 'आपला धंदा' म्हणतो.

दगडाचं सांगतो, कारण बाबांनी सांगितलं तेव्हा दादा झोपला होता.

तिथं आधी नुसती विहीर होती. विहीर होती म्हणून पणजी दोर घेऊन बसली. दोर आला म्हणून बादलीवाला आला. भरल्या बादलीत आपलं तोंड बघत लोक रेंगाळायला लागले, म्हणून आरसेवाला आला. आरशात दाढी वाढलेली दिसली, म्हणून न्हावी आला. न्हाव्याकडे गप्पा मारून घसे कोरडे पडले, म्हणून चहावाला. असा एकाचा सदरा दुसऱ्यानं धरून अख्खा बाजार त्या पाण्यातून वर आला. पुढे नळ आले, विहीर बुजवली. बाजार मात्र काठावर बसल्यासारखा गोल बसून राहिला.

दोर तेव्हा वावानं विकत, म्हणजे दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत. पणजीचे हात लांब, त्यामुळे गिऱ्हाईक तिच्याकडेच. समोरचा दोरवाला, त्याला आखूडबाब्या म्हणत, बाजारातल्या जाणत्यांकडे रडत गेला. "हिचे हात माझ्या पोटावर येतात," म्हणाला. पणजी म्हणाली, "मग काय कापून देऊ?"

शेवटी ठरलं, सगळ्या बाजाराचा वाव एकच, पणजीचा. तिला ओट्याच्या दगडावर हात पसरायला लावले आणि लोहारानं दोन्हीकडे बोटाच्या टोकाशी एकेक पितळी खिळा ठोकला. पण पणजी इरेला पेटलेली. तिनं छाती भरून श्वास घेतला होता. श्वास सोडला तर खिळे चार बोटं लांब. तिचे स्वतःचेच हात पुरेनात. सांगणार कोणाला? जन्मभर दोर दगडाला लावून मोजला तिनं, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी. इथं चार बोटं जास्त मिळतात म्हणून लांबलांबची माणसं यायला लागली. बाजार वाढला तो त्या एका श्वासावर.

"दुसरा दगड आणू, हेच खिळे त्यात ठोकू," असंही दादा म्हणाला. खिळे उपटल्यावर मधलं अंतर कुठं ठेवशील, दादा? खिशात?

कलम दुसरं. दोर वळायची चरखी समोरच्या काकांना, म्हणजे आखूडबाब्याच्या नातवाला द्यावी. तिच्यावर त्यांचा जुना डोळा आहे. अट एकच, 'तुमच्या पणजीनं आम्हाला बुडवलं' हे वाक्य त्यांनी जाताना ओट्यावर ठेवून जावं.

कलम तिसरं. बूट आणि गादी माझ्या खोलीतल्या लंबूला. बूट त्याला होणार नाहीत, पण तो घालेल.

सकाळी इमारतीच्या निम्म्याखाली धुकं असतं. मी उतरत जातो, पायाखाली सगळं पांढरं, आणि वाटतं, खाली तीच विहीर आहे, बाजार तिच्या पाण्यात मांडलाय. आरसे हलतायत. वहिनी दोर खिळ्याला लावतेय. घर सोडताना मी दगडावर हात पसरून पाहिले होते. चार बोटं कमी पडले. धुक्यात श्वास भरून घेतो तेव्हा वाटतं, आता पुरतील. आल्यावर मोजायचं आहे. म्हणून दगड जागेवर हवा.

कलम शेवटचं. हे मेल्यावर नाही, आत्ताच करायचं. शटरवाल्यानं दिलेला विसार तू टेंपोच्या टायरांत घातलास, हे वहिनीकडून कळलं. तिला बोलू नकोस. तिनं तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "भाऊजी, मग मी कुठं बसू?" विसार त्याला परत कर. टायर राहू देत तुला.

लंबूनं हे वाचलं आणि म्हणाला, "सगळं आताच पाठवतोस, मग मागं वाटायला उरलं काय?"

"बूट," म्हटलं.

लिहून ठेवणार : धाकटा (सही)
साक्षीदार : लंबू (सही, वाचून), मुकादम (सही, न वाचता)
स्थळ : खिडकीजवळची खाट
दिनांक : पगाराचा दिवस

विसार फेडण्यासाठी सोबत पाठवलेली रक्कम : अक्षरी चाळीस हजार फक्त.