साडेबारा पायऱ्यांचा जिना

तीर्थरूप मामांस,

पायऱ्या मोजून झाल्यावर अंगात जेवढी उरली आहे तेवढ्या शक्तीनिशी साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची निवृत्ती अंगाला लागते आहे ना? मी खुशाल आहे (म्हणजे मालक वर आहेत तोवर).

जिन्यांच्या कारखान्यात माझी वर्णी लावून जाताना तुम्ही बजावलं होतंत की तुमच्या जुन्या भाषेतल्या प्रोग्रामला हात लावू नकोस. पण नवा संगणक आला, त्यावर ती भाषा चालेना. मालकांनी विचारलं, नव्या भाषेत उतरवायला किती दिवस लागतील? दोन्हीकडे फंक्शनांची नावं सारखीच दिसली, म्हणून मी छाती फुगवून 'दोन' म्हटलं. (सख्ख्या भावांचं आडनाव एकच असतं, म्हणून काय त्यांचं एकमत असतं?)

पहिला दगा 'राउंड'ने दिला. साडेबारा पायऱ्या आल्या की तुमची भाषा मुकाट्याने तेरा करायची. या नवीला अर्धा दिसला की ती जवळचा सम आकडा गाठते. साडेबाराच्या बारा, पण साडेतेराच्या चौदा! त्यामुळे एका गिऱ्हाइकाचा जिना चोख आणि दुसऱ्याचा वरच्या मजल्याच्या चार बोटं खाली. मी आपला सुताराला बोल लावत बसलो. मग बेरीज. चार घरांच्या कठड्यांची लांबी जुनी भाषा घरागणिक वेगळी सांगायची. नवीने चौघांची मिळून एकच बेरीज केली आणि ती चारही कागदांवर छापली. आपल्याकडे कागदाबाहेर खिळाही ठोकायचा नाही, हा तुमच्याच काळातला नियम. त्यामुळे एका निवृत्त मास्तरांचा कठडा जिना संपल्यावरही थांबला नाही. तो स्वयंपाकघरातून, पलंगाला वळसा घालून गॅलरीत गेला. मास्तर एकटेच राहतात. तक्रार करायची सोडून म्हणाले, राहू दे, धरायला काहीतरी झालं.

तिथवर निभावलं. पण मग खुद्द मालकांच्या घरचा जिना निघाला. तुमची भाषा मोजणी एकापासून करते, नवी शून्यापासून. मी सवयीने एकापासून पायऱ्या छापायला सांगितल्या, तर शून्य क्रमांकाची, म्हणजे सगळ्यात खालची, यादीतून गळाली. मथळ्यावर बारा, यादीत अकरा. मालक वर दुपारची झोप काढत असताना सुतारांनी जुना जिना काढला आणि यादीबरहुकूम अकरा पायऱ्या भिंतीत बसवल्या. जमिनीलगत काहीच नाही, जिना थेट दुसरीच्या उंचीवर सुरू.

मालक उठले आणि रिवाजाप्रमाणे वरून पायऱ्या मोजल्या. कागद आणि लाकूड यांचा आकडा जुळेपर्यंत जिन्यावर पाय ठेवायचा नाही, हे त्यांचं व्रत तुम्हाला ठाऊकच आहे. आज तिसरा दिवस. जेवण, चहा, सह्यांचे कागद, सगळं टोपलीतून वर जातं. खिडकीतून त्यांनी जाहीर केलं आहे की खाली उतरल्यावर पहिलं काम म्हणजे चूक करणाऱ्याला घरी पाठवणं. मामा, खरं सांगतो, मला भीती वाटते. आईला अजून काही कळवलेलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा (हे लिहीपर्यंत नोकरीत असलेला)
भाचा

ता. क. मालकांचा तुमच्या मोजणीवर देवासारखा विश्वास आहे. तेव्हा इकडे या, जिन्याखाली उभे राहा आणि जमिनीला एक धरून मोठ्याने मोजा. बरोबर बारा भरतात. आयुष्यात एवढं एकदाच खोटं बोला.

ता. ता. क. येऊ नका. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात काल धीर सुटला आणि मी खिडकीखाली उभं राहून ओरडलो की हा अकराचा नवा हिशेब मामांनीच सांगितला. मालक म्हणाले, मग अकराच बरोबर! आणि तडक उतरले. शेवटी आपटले, पण हसत. मला कायम केलं. उपकाराची फेड म्हणून तुम्हाला नवा जिना भेट पाठवला आहे. सुतार आज सकाळीच निघाले, कागद मीच काढला. तुम्ही दुपारी वरच्या मजल्यावर झोपता, म्हणून हात जोडून विनंती: हे पत्र वर बसून वाचत असाल, तर असाल तसे खाली उतरा. मामींनाही उतरवा.