जेवणाच्या खोलीसमोरचा ओढा

प्रिय बबडी,

तुझा फोन आला की मी ‘सगळं ठीक’ म्हणते, तूही ‘बरं’ म्हणून ठेवून देतेस. दोघीही भारीच गुणी! म्हणून आज लिहायलाच बसले. आता मध्येच ठेवून देता येणार नाही तुला.

बाबांचं वजन थोडं वाढलंय. दाढी करून घेताना आता चिडत नाहीत. वॉर्डातल्या मेट्रनशी मात्र अजून जमत नाही, कारण तीही त्यांच्याइतकीच खडूस आहे. त्या वॉर्डाच्या सजावटीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तिने मला रडकुंडीला आणलं होतं, आठवतं? वेताच्या खुर्च्या नकोत, धूळ बसते. मातीचा गिलावा नको, पुसता येत नाही. शेवटी भांडून-तंडून खऱ्या लाकडाचा कठडा, भिंतींना बुचाचे तक्ते आणि खिडक्यांना पानांची नक्षी एवढं पदरात पाडून घेतलं. म्हटलं, विसरायला लागलेली माणसं इथे राहणार, त्यांना झाडाखाली बसल्यासारखं वाटू दे. बाबाच तिथे राहायला जातील हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आणि कॉरिडॉरमध्ये जमिनीवर मी एक ओढा काढला. जेवणाच्या खोलीसमोर आडवा, निळसर पाण्याचा, तळाशी गोटे दिसणारा व्हिनाइलचा पट्टा. कागदावर इतका गोड दिसत होता की मी स्वतःवरच खूश! पण तिथल्या माणसांना ते चित्र वाटतच नाही गं. त्यांना ते खरंच पाणी वाटतं. कुणी काठावर थबकतं, कुणी मागे फिरतं आणि जेवायलाच जात नाही. एक आजी गाऊन सावरत, एकेक पाऊल चाचपत उतरायच्या.

बाबा चपला काढून हातात घेतात, पँट दुमडतात, आणि मग, ऐक हं, मागे वळून माझ्यापुढे हात करतात. म्हणतात, बाई, जपून, दगड निसरडे आहेत. अगं, आयुष्यभर रस्त्यात माझ्या चार पावलं पुढे चालणारा हा माणूस! लग्नाच्या फोटोतसुद्धा आमच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा आहे. मी कोण हे त्यांना कळत नाही, पण हात घट्ट धरतात. मी मुद्दाम जेवणाच्या वेळेलाच जाते. काहीतरी विसरल्याचं निमित्त करून पुन्हा अलीकडे येते, पुन्हा ओलांडते. मग घरी येते, आवाजापुरता टीव्ही लावते आणि उभ्याउभ्याच काहीतरी खाते. फार एकटं वाटतं गं. तुला फोनवर सांगत नाही एवढंच.

गेल्या आठवड्यात त्या आजी तिथेच पडल्या. हाड वाचलं, पण कपाळाला टाके पडले. मेट्रन केव्हाची मागे लागली होती, पट्टा उखडा आणि एकरंगी फरशी घाला म्हणून. आणि मी आज नमुना आला नाही, उद्या कारागीर मिळत नाही, अशा थापा मारत होते. खोटं कशाला बोलू, तो हात मला सोडवत नव्हता. आजींचं सुजलेलं तोंड पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. काल सही करून टाकली. शनिवारी माणसं येतील, फिकट लाकडी रंगाची सपाट फरशी बसवतील. सगळे सरळ चालत जेवायला जातील, बाबासुद्धा, आणि तेच योग्य आहे.

मागच्या वेळी बाबांनी तुला ‘आपण कोणाकडे आलात?’ असं विचारलं आणि त्यानंतर तू आलीच नाहीस. मी तुला बोल लावत नाही. त्या दिवशी तू गेल्यावर मीही गाडीत बसून ढसाढसा रडले होते. पण बाळा, शनिवारच्या आत ये. ते तुला ओळखतील या आशेवर येऊ नकोस, ओळखणार नाहीत. नुसती काठावर उभी राहा, ते आपण होऊन तुझा हात धरतील. पलीकडे पोचलो की रोज ते मला विचारतात, एकट्याच आलात का? मी हो म्हणते. एकदा तरी मला नाही म्हणू दे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई